पाळण्यातलं लोखंड

धुरपदाबाईंच्या घरी पाळणा हलला की गल्लीत भंगारवाला शिरल्यासारखं वाटायचं. नवीन भाडेकरू तर जुना कुकर हातात घेऊन दारात यायचे आणि रस्ता रिकामा बघून हिरमुसून परत जायचे. डिंडोलीतल्या आमच्या रांगेत त्यांचं घर अकरा नंबरचं, आमचं बारा. मध्ये एकाच विटेची भिंत. तिकडे मिरचीची फोडणी पडली की इकडे शिंक येते. म्हणून मी जे सांगणार आहे ते ऐकीव नाही. भिंतीला कान लावण्याची मला सवय आहे असं गल्लीत म्हणतात, पण त्यात तथ्य नाही. तशी गरजच पडत नाही.

बाईंची उंची पाच फुटांच्या आत, वजन एखाद्या पोरीचं, आणि आवाज मात्र लूमच्या खात्यातला. खातं म्हणजे आमच्या सुरतेत कारखाना. पस्तीस वर्षांपूर्वी त्या शिरपूरकडून नवऱ्यामागे इथे आल्या. नवरा खात्यात लूम चालवायचा. त्या खडखडाटात दोन वाक्यं बोलायची तर ओरडावंच लागतं, आणि घरी आल्यावर आवाज खाली आणायचं दोघांनाही सुचलं नाही. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. मुलगा गजेंद्र त्याच कामाला लागला. सून योगिता घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवते.

गल्लीतली निम्मी पोरं धुरपदाबाईंच्या पायांवर आंघोळ करून मोठी झाली. माझा सौरभही. आता तो दारातून वाकून आत येतो, तरी बाई त्याला दिसेल तिथे थांबवून मोठ्याने सांगतात, "हाऊ तीन दिवस मुतना नव्हता, माले फिकर पडेल व्हती!" पोरगा कॉलेजला त्या बाजूने जायचंच टाळतो.

बाईंचा देवापेक्षा लोखंडावर जास्त भरवसा. बाळ जन्मलं की उशाशी विळा, उंबऱ्याला नाल, बाळंतिणीच्या खाटेखाली कुऱ्हाड. कुऱ्हाड मिळेना तर पाना चालतो. मी एकदा म्हटलं, "मावशी, इतकं लोखंड ठेवताय, भुतं येतील ती पंक्चर काढून घ्यायला." त्या हसल्या नाहीत. माझ्या विनोदांवर गल्लीत एवढं एकच माणूस कधी हसत नाही. म्हणून मी जास्तच करते.

त्या का हसत नाहीत ते मला गेल्या चैत्रात कळलं.

योगिताला पहिलं बाळ झालं रक्षाबंधनाच्या आसपास, साडेसात महिन्यांचं. वजन पावणेदोन किलो. "आमच्या मांजराचं जास्त भरेल," असं मी म्हणाले आणि लगेच जीभ चावली. बाळ तेवीस दिवस दवाखान्याच्या काचेच्या पेटीत होतं. धुरपदाबाई रोज पेटीबाहेर उभ्या राहायच्या, आणि नर्सची नजर चुकवून पेटीखाली एक बोल्ट ठेवायच्या. नर्स तो उचलून फेकायची. दुसऱ्या दिवशी नवा बोल्ट.

बाळ घरी आल्यावर चौथ्या दिवशी बाई माझ्या दारात उभ्या. हातात सूप, सुपात दुपट्यात गुंडाळलेला नातू.

"मास्तरीणबाई, इकत ल्या."

मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते, म्हणून मास्तरीणबाई. मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं.

"काय घेऊ?"

"पोऱ्या. पसाभर जवारी द्या, पोऱ्या तुमना. मंग मी तुमनापाशी भीक मांगसू, तुम्ही माले वाढशात."

खानदेशातली ही रीत मला ऐकून माहीत होती. ज्या घरात पोरं टिकत नाहीत, तिथलं पोर दुसऱ्याला विकायचं आणि भीक म्हणून परत आणायचं. म्हणजे जे काही न्यायला येतं, त्याला ते पोर त्या घराच्या नावावर सापडत नाही. मी ज्वारी दिली. बाळ माझं झालं, मग माझ्याकडून मागून नेलं. त्याचं कागदावरचं नाव आदित्य. हाक मारायची ती भिकन.

"पण मावशी," मी म्हटलं, "तुमच्या घरात कुठे पोरं टिकत नाहीत? गजेंद्र चांगला ऐंशी किलोचा आहे."

बाई नातवाला खांद्यावर घेऊन, रिकामं सूप झटकून निघून गेल्या.

दोन महिने झाल्यावर थेंब सुरू झाले. आमच्या भागातली आशाबेन, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका, मयुरी, पंचविशीची, स्कूटीवरून येणारी आणि तीन भाषा एका वाक्यात कालवणारी. तिने बाटली आणून दिली आणि समजावलं, "जुओ आई, आ लोहाचं औषध छे. जे बाळ वेळेआधी येतं ना, त्याला आईकडून लोह पूरं मिळतच नाही. शेवटच्या महिन्यांत मिळायचं ते राहून जातं. मग बाळ फटाफट वाढतं आणि साठा खतम. म्हणून वर्षाचा होईपर्यंत रोज. ड्रॉपरच्या या खुणेएवढंच, जास्त नाही. शी काळी होईल. घाबरायचं नाही."

धुरपदाबाईंनी सगळं नीट ऐकलं. त्यांनी ऐकलं नाही, किंवा त्यांना कळलं नाही, असं कुणी म्हणेल तर ते खोटं. त्यांना शब्द न् शब्द कळला होता. त्यांनी बाटली आपल्या ताब्यात घेतली. "सूनबाई तिकडे टिकल्या चिटकाडी ऱ्हायनी, मी दिसू औषध दुपारले."

आठवडाभर दिलंही. मग एका दुपारी त्यांनी दुपटं उघडलं आणि आत डांबरासारखं काळं.

ही पुढची गोष्ट मला मागाहून कळली, पण सांगायला हवी इथेच. त्या दुपारपासून बाईंनी औषध देणं बंद केलं. कुणाला सांगितलं नाही. रोज त्या ड्रॉपर भरायच्या, बाळाच्या ओठापाशी न्यायच्या, योगिता वर बघत असली तर "पी रे राजा" म्हणायच्या, आणि ते मोरीत सोडायच्या. मयुरी दर महिन्याला रिकामी बाटली बघून खूश, भरलेली देऊन जायची. आणि ज्या दिवशी औषध थांबलं, त्याच दिवसापासून पाळण्यात लोखंड वाढायला लागलं. आधी विळा होता. मग नाल आला. मग गजेंद्रला सांगून खात्यातून नट-बोल्ट, तुटका गिअर, जुन्या धोट्याचं लोखंडी टोक. सगळं फडक्यात बांधून पाळण्याच्या चारी कडांना टांगलेलं. तेव्हापासून तो आवाज. खण, खण, खण.

मी गंमत करत होते. "गजू, पाळण्याला नंबर प्लेट लाव रे, आरटीओवाले पकडतील." योगिता हसायची. गजेंद्रही हसायचा.

हिवाळा गेला. मार्चमध्ये मला पहिल्यांदा काहीतरी खटकलं, आणि काय ते नेमकं सांगता येईना.

भिकन रडत नव्हता. एका विटेच्या भिंतीपलीकडे सात महिन्यांचं पोर आहे आणि मी रोज दुपारी शाळेतून येऊन शांत झोपतेय, हे मला बरेच दिवस सुखाचंच वाटलं. मग एक दिवस झोपेतून उठले आणि अंगावर काटा आला. सौरभच्या वेळी मी दोन वर्षं झोपले नव्हते.

मी निमित्त काढून गेले. साखर मागायला. भिकन पाळण्यात जागा पडलेला. अंगाला रंग नव्हता. गोरा नव्हे, पिठाच्या गोळ्यासारखा. खिडकीतून ऊन त्याच्या कानावर पडलं होतं आणि कान कागदी कंदिलासारखा आरपार दिसत होता, आत लाल काहीच नाही. डिंडोलीत चैत्रात दुपारीसुद्धा मच्छर माणसाला उचलून नेतात. योगिताच्या पायावर चार बसलेले. भिकनच्या अंगावर एकही नाही. त्याच्यावरून उडत यायचे आणि वळून जायचे.

"वा!" मी म्हटलं. "याच्याकडे तर मच्छरसुद्धा फिरकत नाहीत."

धुरपदाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, आणि खालच्या आवाजात बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं, "त्यासले काय भेटी तठे? आधीच कोन्ही पी ऱ्हायनं."

आधीच कुणीतरी पितंय. मी साखर न घेता घरी आले.

नंतरच्या सोमवारी आमच्याकडच्या खात्यांची वीज गेली. तुम्ही सुरतेत राहिला नसाल तर याचा अर्थ कळणार नाही. आमच्या गल्लीमागे लूम दिवसरात्र चालतात. तो खडखडाट आम्हाला ऐकूच येत नाही. ऐकू येतं ते तो थांबल्यावर. भर दुपारी दोन वाजता थांबला, तेव्हा असं वाटलं की सगळ्या गल्लीने श्वास धरलाय. कुत्रीदेखील उठून बसली.

आणि त्या शांततेत भिंतीपलीकडून खण... खण... खण. पाळणा हलत होता. योगिता मागच्या दारी माझ्याशीच बोलत होती, साडी वाळत घालत. गजेंद्र बाजारात. म्हटलं, मावशी हलवत असतील. तेवढ्यात मावशी समोरच्या दाराने हातात दळण घेऊन आल्या.

आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. खण, खण. मग थांबलं.

आत गेलो. भिकन पालथा व्हायला गेला होता आणि त्याचा हात दोरीत अडकला होता. त्यामुळेच पाळणा हलत होता, एवढंच. मी हसले. हसू पुरतं झालं नाही तोच भिकनने तोंड उघडलं. रडण्यासाठी जसं उघडतात तसं मोठं उघडलं, आणि आवाज आला नाही. तोंड तसंच. ओठ निळे झाले, मग नाकाभोवती, मग कपाळ. पाठ धनुष्यासारखी वाकली. आणि तो ओल्या फडक्यासारखा योगिताच्या हातात लोंबला.

योगिता किंचाळली. मी त्याच्या तोंडावर फुंकर घालत होते, काय करत होते देव जाणे. धुरपदाबाईंनी मात्र दळण शांतपणे खाली ठेवलं, पाळण्याची कड धरून लोखंड तीनदा वाजवलं, आणि त्याच्या डोक्यावरून पलीकडे, रिकाम्या कोपऱ्याकडे बघत म्हणाल्या,

"ऊनी. आठवा लागना नि ऊनी."

भिकनने श्वास घेतला. अर्धं मिनिटसुद्धा झालं नसेल. रंग परत आला. म्हणजे होता तो पांढरा. आणि झोपून गेला.

"कोण आली?" मी विचारलं. माझा आवाज वर्गातला नव्हता.

त्या दुपारी धुरपदाबाईंनी सांगितलं. गजेंद्रच्या आधी त्यांना तीन झाली होती. तिन्ही दिवस भरण्याआधीच झालेली, तिन्ही मुठीएवढी. तिन्ही न्हाऊ-माखू घातलेली, दूध पिणारी. आणि तिन्ही सहाव्या-सातव्या महिन्यापासून पांढरी पडत गेली, गप्प होत गेली, मग आठव्यात एक दिवस ताप आला, खोकला आला, निमित्त काहीही, आणि फुंकर घातल्यासारखी विझली. सासूने सांगितलं होतं, एक बाई येते. दिसत नाही. ती कोपऱ्यात बसते आणि दुरून पिते. ती लोखंडाला भिते. गजेंद्रच्या वेळी बाईंनी घरातलं सगळं लोखंड त्याच्या खाटेला बांधलं. तो जगला. तो पुरत्या दिवसांचा, सव्वातीन किलोचा जन्मला होता, ही गोष्ट त्यांच्या हिशेबात कधी आलीच नाही.

"नि तुम्हनी ती मयुरी," त्या म्हणाल्या, "लोखंड पोटमा घाला म्हणस. बाहेरनं लोखंड राखनदार शे, बाई. राखनदार दारमा उभा ऱ्हास. त्याले घरमा लई जाशात तं दारमा कोन ऱ्हाई? नि तो पोटमातून काळा व्हईसन पडी ऱ्हायना. मी मन्हा डोळाघाई देखं. राखनदार मरी ऱ्हायना रोज!"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात आमची मोरी आली.

अकरा नंबरच्या मोरीचं पाणी आमच्या मागच्या कठड्याखालून जातं. तिथल्या पांढऱ्या फरशीवर पाच महिने एक तपकिरी ओघळ होता. मी दर रविवारी घासत होते आणि गजेंद्रला टोमणे मारत होते की तुमच्या पाळण्याचा गंज माझ्या फरशीवर उतरला. गंज कधी मोरीतून वाहतो का?

"मावशी," मी म्हटलं, "औषध कुठे जातं?"

योगिताने सासूकडे बघितलं. मग मोरीकडे. त्या पोरीचा चेहरा मी विसरणार नाही. ती ओरडली नाही, तेच वाईट होतं.

"आई," ती म्हणाली, "मला हो म्हणत होतात रोज."

मी मयुरीला फोन लावला. ती म्हणाली, "हमणां ने हमणां दवाखान्यात न्या, बेन. रक्त तपासायला लागशे."

आणि इथे सगळं अडलं. धुरपदाबाई दारात आडव्या बसल्या. एवढीशी बाई, पण उंबरा भरून गेला.

"आठवामा पोऱ्याले उंबरा वलांडाना नही. मन्हा तिन्ही उंबरावरतून गयात. दवाखानामाच लई गयथू, तिघेसले. एकबी माघारी ऊना नही."

"आई, सरका."

"माले मारी टाका, मंग जा."

गजेंद्र आला. ऐंशी किलोचा माणूस आईसमोर उभा राहून नुसता रडायला लागला. योगिता बाळ छातीशी धरून भिंतीला टेकलेली. आणि भिकन जागा झाला, ओठ हलले, आणि पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा आवाज नाही. त्या बंद पडलेल्या खात्यांच्या शांततेत आम्ही चौघं त्या उघड्या तोंडाकडे बघत होतो. ओठ, नाक, कपाळ. मी मनात मोजत होते. अठ्ठावीसला श्वास आला.

मला राग आला. खरं सांगायचं तर भीती वाटली, पण माझी भीती रागासारखीच बाहेर पडते.

"मावशी, पोर कुणाचं?"

"काय?"

"पसाभर ज्वारी दिली मी. पोर माझं आहे. तुम्ही माझ्याकडून भीक मागून नेलंत. भीक दिलेली वस्तू नीट ठेवली नाही तर देणारा परत मागतो. मी परत मागतेय."

त्या गोंधळल्या. मी फसवत नव्हते, हे ध्यानात घ्या. त्यांच्याच कायद्याने बोलत होते.

"पन उंबरा..."

"उंबरा नाही ओलांडणार, ना पुढचा ना मागचा. गच्चीवरून देणार."

आमच्या रांगेतल्या जिन्यांना वर दार नाही, उंबराही नाही. पावसाळ्यात नुसता पत्रा सरकवतात. दोन्ही गच्च्यांच्या मध्ये कमरेएवढा कठडा. त्या रणरणत्या उन्हात योगिता बाळ घेऊन तिकडून वर गेली, मी मागच्या दाराने घरी येऊन इकडून. कठड्यावरून तिने तो मला दिला. इतका हलका, की मी दुपटं चाचपून बघितलं, आत आहे ना. आमच्या घरातून निघताना मात्र आमचा उंबरा होताच. मी धुरपदाबाईंकडे बघितलं. त्या माझ्या दारात येऊन उभ्या होत्या. उंबऱ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमना उंबरा तिले माहीत नही." आणि बाजूला झाल्या.

रिक्षात माझ्या एका बाजूला योगिता, दुसऱ्या बाजूला त्या येऊन बसल्या. मांडीवर पिशवी. खड्डा आला की पिशवी वाजायची. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं आणि विचारलं, "माजी, प्लंबिंगनुं काम छे?" गजेंद्र पुढे बसून रडतच होता.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई गुजराती, पण मराठी छान. त्यांनी भिकनच्या पापणीची आतली बाजू उलटून आम्हाला दाखवली. पांढरी. रक्ताचा रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन सहा पूर्णांक काहीतरी. अकरा असायला हवं होतं. श्वास धरण्याबद्दल त्या म्हणाल्या की काही मुलं रडताना असं करतात, आपोआप परत येतात, आणि शरीरात लोह कमी असलं की ते जास्त होतं. पांढरेपणा, गप्प पडून राहणं, सगळं त्यातलंच. आज रक्त चढवायची गरज नाही. औषध आता जास्त मात्रेने, आम्ही लिहून देऊ तेवढंच. पंधरा दिवसांनी परत आणा, मध्ये ताप आला तर त्याच तासाला आणा. "आणि आजी, राहिलेलं भरून काढायचं म्हणून बाटली ओतू नका. या औषधाचं जास्त झालं तर विष होतं. बाटली वर ठेवायची, झाकण घट्ट लावून."

धुरपदाबाईंनी पिशवी टेबलावर ठेवली. खण्. डॉक्टरीणबाईंनी आत डोकावून बघितलं: विळा, नाल, गिअर. मला वाटलं, आता झाडतील.

त्या म्हणाल्या, "आजी, राखणदाराला जेवू घालावं लागतं ना? बाळाच्या रक्तातच बसलेला असतो तो. हे त्याचं जेवण. काळं पडतं ते उरलेलं उष्टं."

घरातलं आमचं बोलणं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं नाही. योगिता सांगेल अशी नाही. आजही मला ते कोडंच आहे. कदाचित त्यांच्याकडे रोज एक धुरपदाबाई येत असेल.

बाईंनी पिशवीचं तोंड दाबून बंद केलं. मग म्हणाल्या, "मन्हा तिघेसले हाईच व्हतं का?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आता सांगता येणार नाही, आजी. असू शकतं. तेव्हा कुणी थेंब देत नव्हतं. तुमचा दोष नाही."

"मी इचारस, व्हतं का?"

"असू शकतं."

बाईंनी मान हलवली. जाताना पिशवी तिथेच विसरल्या. शिपाई मागून धावत आला, "माजी, तमारो सामान!" त्यांनी वळून बघितलं नाही. मीच घेतली. गजेंद्रने खात्यात नेऊन टाकली बहुतेक. विळा तेवढा ठेवला. योगिताला भाजी चिरायला आवडतो.

तुम्हाला वाटेल, झालं. मलाही वाटलं. पण आठवा महिना संपायला अजून अठरा दिवस होते आणि धुरपदाबाई एकेक दिवस मोजत होत्या.

औषध द्यायचं काम त्यांनी सोडलं नाही. योगिता त्यांना देऊ देईना, तिचा विश्वास उडाला होता आणि त्यात काही चूक नव्हती. शेवटी ठरलं की बाई देतील, पण योगितासमोर, आणि साक्षीला मी. सासू-सुनेच्या भांडणात साक्षीदार व्हायला मला बोलवावं लागत नाही, पण या वेळी खरोखर बोलावलं. रोज दुपारी चारला.

पहिल्या दिवशी बाईंनी ड्रॉपर खुणेपर्यंत भरला आणि बाळाकडे नेण्याआधी कोपऱ्याकडे वळल्या. तिथे फरशीवर तीन थेंब सोडले. एकापुढे एक.

"आई!" योगिता उठलीच.

"त्यानं त्याले पुरं देस," बाई म्हणाल्या. "हाई त्यासनं." त्यांनी ड्रॉपर पुन्हा खुणेपर्यंत भरला आणि भिकनच्या गालात हळूहळू सोडला.

त्या कोपऱ्यात काहीच नव्हतं. एक झाडू होता. पण बाईंनी थेंब टाकल्यावर भिकन दर दिवशी मान वळवून तिकडे बघायचा. आधी तिसऱ्या थेंबाकडे, मग दुसऱ्या, मग पहिल्या. पोरं हलणाऱ्या वस्तूकडे बघतात हे मला माहीत आहे, मी शिकवते. थेंब हलत नव्हते. मी चारच्या ठोक्याला जायची आणि विनोदाची तयारी करून जायची, आणि तोंड बंद ठेवून परत यायची. योगिता रोज फरशी पुसायची. डाग गेले नाहीत. लोखंडाचे डाग फरशीवर बसले की बसले.

दोनदा त्याने पुन्हा श्वास धरला. मग चार दिवस नाही. मग एकदा, पण थोडकाच. पंधराव्या दिवशी रक्त आठावर होतं. सोळाव्या दिवशी त्याला मच्छर चावला, मनगटावर, लाल गांधी उठली. धुरपदाबाईंनी ती गांधी गल्लीभर दाखवली. सतरा नंबरच्या मालतीबाईंना वाटलं, नातवाला मेडल मिळालं.

अठराव्या दिवशी, आठव्याच्या शेवटच्या दुपारी, खाती चालू होती. तरी बाईंच्या घरात शिरले तेव्हा मला तो खडखडाट फार लांबून आल्यासारखा वाटला. योगिता साडी बाजूला ठेवून बसली होती. भिकन बाईंच्या मांडीवर, कोपऱ्याकडे तोंड करून.

बाईंनी ड्रॉपर भरला. नेहमीसारख्या कोपऱ्याकडे वळल्या. हात पुढे गेला. आणि भिकन रडला.

तोंड उघडलं आणि आवाज आला. असा आवाज, की पलीकडे दहा नंबरचं दार उघडलं. ओठ लाल, जीभ लाल, खालच्या हिरडीत एक कण पांढरा. श्वास न धरता, न थांबता, आपलं औषध दुसरीकडे चाललंय म्हणून भांडल्यासारखा रडला.

बाईंचा हात हवेतच राहिला. त्या कोपऱ्याकडे बघत होत्या. मीही बघत होते, आणि मी देवाशपथ सांगते की तिथे झाडूशिवाय काही नव्हतं, आणि तरीही मी पाय पोटाशी ओढून घेतले.

मग बाई त्या कोपऱ्याला म्हणाल्या, गजेंद्रला लहानपणी म्हणत असतील त्याच आवाजात,

"थांबा रे. पहिले यानं."

आणि ड्रॉपर त्याच्या गालात घातला. तो गिळत होता, मधून रडत होता, तपकिरी थेंब हनुवटीवरून ओघळत होते आणि त्या ते पदराने टिपत होत्या. बाटलीचं झाकण त्यांनी घट्ट लावलं आणि वरच्या फळीवर ठेवली. कोपऱ्यात काही टाकलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. पण बऱ्याच वेळानंतर, बाळ झोपल्यावर, त्या उठल्या, झाडू तिथून उचलून दाराआड ठेवला, आणि त्या कोपऱ्यात एक घडी केलेली सतरंजी अंथरून ठेवली. तिघांना पुरेल एवढी.